पिक्चर ट्यूबपुढे कवळीवाला

—हात लावला नाहीत, कबूल. पण बोट दाखवलंत ना? मी इतकी वर्षं बघतोय, बोट दाखवणारा माणूस पुढच्या मिनिटाला हात लावतो, आणि ट्यूबच्या मानेला हात लावणारा माणूस मला माझ्या घरात नको. बघितलीत का तिची मान? पुढची काच बघा — एवढी जाड, तोंडावर दार आपटलं तरी हूं की चूं करणार नाही — आणि मागे अशी निमुळती होत होत शेवटी अंड्याच्या टरफलासारखी. तिथे टिचकी बसली, आत हवा शिरली, की खेळ खलास. मग ती ट्यूब नाही, फुलदाणी. आणि नवी मिळत नाही हे सांगून ठेवतो, बनवायचंच सोडून दिलंय लोकांनी. तुमचं बरंय, एक दात पडला की दुसरा घडवता, माप घेतलं, रंग जुळवला, बसवला. इथे तसं नाही. ही शेवटची. हिच्या आधीच्या सगळ्या कुणी ना कुणी बोट दाखवूनच मारल्या.

बसा. त्या स्टुलावर नको, ते डुगडुगतं — बसलात? बसलात तर बसा आता. मुद्दाम ठेवलंय ते. स्टूल डुगडुगलं की माणूस काय करतो ते बघायला मला आवडतं. तुमच्या आधी फर्निचरवाला येऊन गेला, त्याचं स्वतःचं दुकान, तो बसला आणि डुगडुगल्याबरोबर उठून मला लाकडाच्या जातींवर भाषण दिलं त्यानं. त्याच्या आधी चष्म्याच्या दुकानातला एक होता, तो इतका भिडस्त की तासभर एका कुल्ल्यावर तोल सावरून बसला आणि जाताना मला म्हणाला फार आराम वाटला. तुम्ही काय केलंत? खाली कागदाची घडी सरकवलीत. हं. हुशारी दाखवायची सवय आहे म्हणायची. कवळीवाल्यांना असतेच, दुसऱ्याच्या तोंडात हात घालून पोट भरायचं म्हणजे अंगात जरा जास्तच धिटाई लागते.

तर अट परत एकदा ऐका, नंतर म्हणू नका की म्हाताऱ्यानं ऐन वेळी नियम फिरवले — फिरवतो मी, पण ते वेगळं. तुम्ही आमची बारकी मागायला आलात. बरोबर? चहाला आला नाहीत, हवापाण्याच्या गप्पांना आला नाहीत, माझी विचारपूस करायला तर नाहीच नाही. बरं. तर हे आमचं व्हिडिओ गेमचं मशीन. एके काळी ह्या खोलीत अशी मशीनं भिंतीला पाठ लावून ओळीनं उभी असायची, पोरं शाळा बुडवून इथे, त्यांचे मास्तर त्यांना शोधायला म्हणून इथे, आणि मग मास्तरच दांडा धरून उभे, पोरं मागून त्यांना सांगतायत, सर डावीकडे, सर उडी. ते सगळं गेलं. हे एक राहिलं. ह्याच्या पोटात खेळाचं बोर्ड होतं, ते मेलं — बारकीनं तपासून सांगितलं, बाबा, ह्यात आता काही दम नाही — पण ट्यूब जिवंत आहे. आणि हा तुमचा कॉम्प्युटर. ह्याच्यातला खेळ तिच्या तोंडावर दिसला पाहिजे. ट्यूब मरता कामा नये, कॉम्प्युटर मरता कामा नये, आणि तुम्ही मेलात तर बारकीची आई मला घरात घेणार नाही, म्हणून तुम्हीही नको. जमलं तर पुढचं बोलू. नाही जमलं तर चहा प्या आणि आपल्या गावाला जा, रात्रीच्या आत पोचाल.

हसू नका. फर्निचरवालाही हसला होता. तो म्हणाला, एवढं कशाला, हे डबडं काढून टाकू, मी नवा पातळ पडदा आणून देतो, लाकडी चौकटीत बसवून देतो, अगदी जुन्यासारखं दिसेल. अगदी जुन्यासारखं. म्हटलं, मग माझ्या पोरीच्या जागीही तिच्यासारखी दिसणारी एखादी बघा ना. त्याला समजलं नाही. तो विचार करत बसला. आणि चष्मेवाला — त्यानं तार घेतली, भोक बघितलं, तार भोकात बसतेय का बघितलं, भोक वेगळं निघालं तर दुसरी तार मागितली. बस, एवढीच त्याची विद्या. जिथे बसेल तिथे खुपसायची. मी म्हटलं खुपसा. माझा पाय इथे ह्या टेबलाखालच्या बटणावर असतो हो, वीज माझ्या अंगठ्याखाली आहे, मी कुणाचा जीव घेत नाही, फक्त मापतो. त्यानं खुपसली, मी तोंडानं फटाक असा आवाज काढला, आणि तो कुठे गेला म्हणता? त्या कपाटाच्या वर. अजून मला कळलेलं नाही तो वर चढला कसा. खाली उतरवायला शिडी आणावी लागली, आणि ती बारकीनं आणली. मुलगी बघायला आला तो असा वरूनच बघून गेला.

काय म्हणता? मधला ट्रान्सफॉर्मर? कुठला मधला ट्रान्सफॉर्मर? — असू द्या, असू द्या, मला नाटक येतं. आहे. तिथे उशीच्या अभ्र्यात गुंडाळून ठेवलाय, टेबलाखाली. लपवला नव्हता, थंडी वाजू नये म्हणून ठेवला होता. पण तुम्हाला कुणी सांगितलं मागायला? मागितलाच नव्हता कुणी आजवर. आणि माहीत आहे का तो कशाला, का नुसतंच पाठ करून आलात? बोला. — हं. — हं. — म्हणजे ह्या जातीच्या मॉनिटरच्या पत्र्यात भिंतीतली वीज सरळ खेळते, आणि कॉम्प्युटरचा पत्रा जमिनीला बांधलेला, दोन्ही एका तारेनं जोडले की भिंतीतून निघालेली वीज ह्याच्या अंगातून त्याच्या अंगात आणि तिथून खाली. इथे धूर, तिथे धूर, आणि मध्ये तुमचा हात असला तर तिसरा धूर. म्हणून मध्ये हा ठोकळा. भिंतीची तार ह्याच्यापर्यंत येऊन थांबते, पुढच्या गुंडाळीला शिवत नाही, नुसती तिला वारा घालते. बरोबर सांगितलंत. मी जरा वेगळ्या शब्दांत सांगतो, पण बरोबर. कुठे शिकलात? व्हिडिओ बघून? वाटलंच. हल्ली व्हिडिओ बघून लोक पोहायला शिकतात, बाळंतपणं करतात. कोरड्या जमिनीवर सगळे पट्टीचे पोहणारे.

बरं मग, उघडा मागचं दार. पिन काढली आहे का आधी बघा — बघितलीत, आणि हातात धरून ठेवलीत, दुसऱ्या कुणी लावू नये म्हणून. दुसरा कुणी म्हणजे मी. विश्वास नाही माझ्यावर. ठीक आहे, विश्वास ठेवलात तर मी तुम्हाला मूर्ख म्हटलं असतं, नाही ठेवलात म्हणून उद्धट म्हणतो, मला दोन्हीकडून मोकळीक आहे. आता पिन काढली म्हणजे झालं असं वाटतं ना? ह्या ट्यूबच्या पोटात वीज साठून राहते, वायर ओढा, मशीन कोपऱ्यात टाका, चार दिवसांनी या, ही वाट बघत बसलेली असते. दिसायला थंड. अगदी आमच्या थोरल्या वहिनीसारखी, भांडण विसरली असं वाटतं आणि तुम्ही जवळ गेलात की—

घड्याळ काढून ठेवताय? अंगठीपण? अंगठी कसली म्हणे? आईनं दिलेली. काढा काढा, आईनं दिलेली असली तरी विजेला नाती कळत नाहीत. आणि डावा हात पिनेसकट मागच्या खिशात. हे बरं सुचलं. एक हात आत, एक हात खिशात, म्हणजे वीज एका हातातून शिरून दुसऱ्या हातानं निघायला काळजातून रस्ता नको. हे व्हिडिओत असतं, माहीत आहे मला. स्क्रूड्रायव्हरला तार बांधलीत, तारेचं दुसरं टोक ट्यूबच्या पाठीवर ती विणलेली पट्टी आहे तिला चिमट्यानं — आधी तो चिमटा, मग पातं. हे पण असतं. सगळं असतं व्हिडिओत. आता त्या रबराच्या टोपीखाली हळूच पातं सरकवा, आणि पळून जावंसं वाटलं तर लाजू नका, आमच्यासमोर भलेभले—

काय म्हणालात?

नाही, आत्ता. आवाजाच्या आधी. ठक् झालं ते मी ऐकलं, ठक् होणारच. त्याच्या आधी तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटलात. पुन्हा म्हणा. — म्हणा हो, मी खाणार नाही तुम्हाला. — "काका, पाहुणे आलेत. उठू नका." — असं म्हणालात? ट्यूबला?

थांबा. मला जरा पाणी द्या. तिथे आहे, तांब्यात. नाही, काही झालं नाही.

व्हिडिओत नाही हे. हे जगातल्या एकाही व्हिडिओत असणं शक्य नाही, कारण हे मी बनवलंय. ऐका तर खरं. बारकी तेव्हा इतकीशी होती, टेबलाखालून चालत जायची, डोकं आपटायचं नाही. आणि सवय काय, तर मशीनचं मागचं दार उघडं दिसलं की आत शिरायचं. दटावून पाहिलं, आईनं धपाटे घालून पाहिले, काही नाही. मग मी तिला सांगितलं, आत एक काका राहतात. फार तापट आहेत. दुपारी झोपलेले असतात. त्यांना न सांगता हात घातला तर उठतात आणि मग फार वाईट होतं. म्हणून आधी सांगायचं, काका, पाहुणे आलेत, उठू नका — आणि हे फक्त बाबांनीच सांगायचं असतं, लहान मुलांनी सांगितलेलं त्यांना ऐकू जात नाही. मग बघा तिची मजा, मी काम करायला लागलो की ही दारात उभी, दोन्ही हात पाठीमागे, आणि मला बजावायची, बाबा सांगितलंत का काकांना? शेजाऱ्यांना सांगायची, आमच्याकडे एक काका आहेत, त्यांना बसायला जागा कमी पडते म्हणून ते बाहेर येत नाहीत. शेजारीण विचारायला आली होती घरी, की तुमच्या दिरांना आतल्या खोलीत का कोंडून ठेवलंय. हसून हसून माझी पुरेवाट.

आणि पुढे पोरगी मोठी झाली, स्वतः हात घालायला लागली, माझ्यापेक्षा चांगला घालते — हे तिला सांगू नका, चढून बसेल — तरी बरीच वर्षं तिच्या तोंडून ते निघायचं. मी मुद्दाम दुरुस्त केलं नाही. दुकानात गिऱ्हाईक उभं असायचं, ही गंभीर चेहऱ्यानं ट्यूबला सांगतेय, काका पाहुणे आलेत, आणि गिऱ्हाईक माझ्याकडे बघतंय, मी वर बघतोय. मग एक दिवस तिला समजलं की तिथे कुणी काका नाही. काही बोलली नाही. नुसतं म्हणायचं बंद केलं. त्याला बरीच वर्षं झाली.

म्हणजे तुम्हाला बनवलं तिनं. कळतंय का? झकास बनवलं. तुम्ही तिकडे दहा माणसांचे दात घडवता, बाकी सगळं बरोबर पाठ केलंत, आणि मध्येच तिनं हा बार भरून ठेवला, आणि तुम्ही आपले शहाण्या मुलासारखे काकांना निरोप देऊन मोकळे. माझीच पोरगी. माझ्याच भट्टीतली. मी म्हणतो ह्याला म्हणतात—

पण थांबा. तिला माहीत होतं की मी इथे बसलेला असणार.

तुमची फजिती करायची तर दुसरं काहीही सांगता आलं असतं. ट्यूबला नमस्कार करायला लावलं असतं, तीन गिरक्या घ्यायला लावल्या असत्या, तुम्ही घेतल्याही असत्यात, चेहऱ्यावरून दिसतंय. हे एवढं एकच का सांगितलं? जे आमच्या दोघांशिवाय आता कुणाला आठवतसुद्धा नसेल. — तुम्ही बोलू नका. मला विचार करू द्या, मला विचार करायची सवय नाही, वेळ लागतो. — ठोकळा मागायला तिनं शिकवलं. हात खिशात तिनं. अंगठी तिनं. ते सगळं तिनं शिकवलंय हे मला कधी कळलंच नसतं, मी व्हिडिओला शिव्या देत बसलो असतो आणि तुम्हाला पुढच्या कुठल्यातरी खड्ड्यात पाडलं असतं, माझ्याकडे खड्डे पुष्कळ आहेत. म्हणून तिनं मुद्दाम सही करून पाठवलंय. की बाबा, हा माणूस मी तयार केलाय. ह्याला कपाटावर चढवू नका.

आणि तुम्हाला हे माहीतच नव्हतं? तुम्हाला वाटलं असंच म्हणायचं असतं? — धन्य आहात. नाही, खरंच धन्य. का म्हणायचं असं विचारलंसुद्धा नाहीत तिला? — नाही विचारलंत. ती म्हणाली म्हणून. हं. ह्याला मूर्खपणा म्हणायचं का आणखी काही, ते बारकीची आई ठरवेल. तिनं माझ्याशी संसार केलाय, तिला फरक कळतो.

चला, हात थांबवू नका. एकदा ठक् झालं म्हणून ट्यूब झोपली असं समजू नका, जरा वेळानं पोटात परत थोडी वीज गोळा होते, पुन्हा एकदा पातं लावा. काकांना सांगा हवं तर. — नाही सांगत? आता लाज वाटते? बरं. ती सर्किटची पट्टी कसली आणलीत खिशातून? बघू. अच्छा, रंग वाढवायला. कॉम्प्युटरचे रंग मिणमिणते निघतात, हिला जोराचे लागतात, आणि ओळ कुठे संपली, पान कुठे संपलं हे कॉम्प्युटर दोन तारांवरून ओरडून सांगतो, हिला एकाच तारेवरून ऐकायची सवय, म्हणून दोन्ही आवाज एकत्र करायचे. ते ह्या पट्टीवर केलंय. आणि सोल्डरिंग — हे काय आहे? हे सोल्डरिंग आहे का पक्ष्यानं वरून जाता जाता काही टाकलंय? डोळ्यांना त्रास होतोय माझ्या. दात असे घडवत असाल तर तुमची गिऱ्हाइकं काय चावत असतील. पण एक बरं झालं. हे बारकीचं काम नाही. तिनं केलं असतं तर आरशासारखं दिसलं असतं. म्हणजे सांगितलं सगळं, पण हात लावला नाही. माझ्याशी लबाडी केली, पण तुमचं काम काही करून दिलं नाही. पोरगी हिशोबी आहे.

जोडलंत? आता खरी गंमत. आता मी सांगणार होतो की करा दोन्ही चालू एकदम — पण तुम्ही करणार नाही, होय ना? तेही शिकवलं. कॉम्प्युटर जागा होताना डोळे चोळत चोळत सेकंदाला एकतीस हजार ओळी ओढतो, आणि ही बिचारी पंधरा हजारांची. म्हाताऱ्याला हात धरून जिन्यावरून पळवत नेल्यासारखं, एक मजला निघेल, दुसरा निघेल, मग छातीत कळ. म्हणून कॉम्प्युटर आधी त्या दुसऱ्या छोट्या पडद्यावर जागा करायचा, खेळ लावायचा, तो हिच्या चालीनं चालायला लागला की मग हिला उठवायचं. बंद करताना उलटं, आधी ही, मग तो. बरोबर. लागला खेळ छोट्यावर? दिसतोय? चित्र फाटल्यासारखं दिसतंय म्हणजे चाल उतरली. बरं. आता मी पायानं बटण दाबतो, ट्यूब तापायला वेळ घेईल, चित्र नंतर येईल, आधी शिटी येईल. बारीक. डासासारखी, डासापेक्षा उंच. शिटी नीट असली म्हणजे तब्येत नीट. दाबलं. — येतेय? ऐकू येतेय ना? — कशी आहे? — गोड आहे म्हणता?

गोड. छान. इकडे या जरा, माझ्या पायाकडे बघा. बटण वर आहे. मी दाबलंच नाही अजून.

ततपप करू नका. सासऱ्याला बरं वाटावं म्हणून शिटी ऐकली तुम्ही. अहो, चष्मेवाल्यानंही तार खुपसायच्या आधीच ऐकली होती. सगळे ऐकतात. काय म्हणता? — खरं सांगा. — कवळीचे दात तासायच्या मशीनची किरकिर वर्षानुवर्षं कानाशी, म्हणून वरचे आवाज गेले? सगळेच? डाससुद्धा नाही? म्हणजे कवळ्या घडवता घडवता कान गेले आणि ही गोष्ट तुम्ही मला आत्ता सांगताय, ट्यूबसमोर बसून, जिची नाडी फक्त कानानं कळते. वा. बहिरा जावई. आणि तेही मला लपवून. ह्या कामात कान नसला तर काय राहिलं? चित्र सरळ दिसतं, रंग फक्कड दिसतात, आणि आत कुठेतरी काहीतरी तापत असतं, ते शिटीच सांगते, जरा चढली, जरा घोगरी झाली की उडी मारून बटण दाबायचं. माणसाला ते ऐकू यायला पाहिजे. हे बघा, आता खरंच दाबतो. पाय बघा. दाबलं. बटण खाली. आता गप्प बसा आणि मी सांगतो कशी असते ती. — हां. आली. ऐका, म्हणजे तुम्ही काय ऐकणार. अशी असते ती. एकसारखी, साफ, जरासुद्धा कापत नाही. हिला म्हणतात तब्येत. चित्र यायला वेळ लागतोय, लागेल, थंड आहे ती, पण शिटीवरून मी सांगतो ना—

हे काय दाखवताय?

पिन.

तुमच्याच खिशात होती अजून. भिंतीत लावलेलीच नाही.

बरं. हसा. हसून घ्या, तुमचा हक्क आहे, दात तर तुमच्याकडे भरपूर. — नाही, हसत नाही आहात. का हसत नाही? मी तर हसलो असतो. मी चष्मेवाल्याला कपाटावर चढवून आठवडाभर हसलो.

कधीपासून ते मला माहीत नाही. असं एका दिवसात जात नाही ते. एक दिवस वाटलं, आज सगळ्याच ट्यूब शांत आहेत, तब्येती सुधारल्या वाटतं. मग लक्षात आलं की ट्यूब ठीक आहेत. तुम्ही कुणाला बोलणार नाही. बारकीला तर मुळीच नाही. तिला पत्ता नाही. मी मशीन लावलं की चेहरा असा ऐकल्यासारखा करतो, मान जराशी वाकडी, आणि तिला वाटतं बाबा ऐकतायत. आणि ती आपली बोलत असते शेजारी उभी राहून, बडबडी आहे ना, आज शिटी बारीक आहे बाबा, आज जरा चढलीय बाबा, बघा बाबा आता बसली जागेवर. विचारावं लागत नाही मला. मी विचारायच्या आधीच ती आपणहून—

आपणहून सांगते.

पूर्वी नाही सांगायची. काकांचा निरोप सोडला तर पूर्वी एक शब्द बोलायची नाही कामात. लोक म्हणायचे मुकी आहे का तुमची.

नको, पाणी नको. लावा ती पिन भिंतीत. ठोकळ्यातून. ठोकळ्यातून लावलीत ना? लावा. बटण दाबलेलंच आहे.

आलं. बघा आलं. असं कडेनं उजाडत येतं ते. आधी राखाडी, मग रंग. तो लाल बघा, असा लाल त्या फर्निचरवाल्याच्या पातळ पडद्यावर दाखवा मला. सरळ उभं आहे, लोळत नाही, थरथरत नाही. तुमच्या त्या घाणेरड्या पट्टीतून एवढं स्वच्छ आलं म्हणजे कमाल आहे. हात लावू नका काचेला. बोटसुद्धा दाखवू नका. नुसतं बघा.

आता प्रश्न असा, की हे आतून ठीक आहे का. तुम्हाला येत नाही ऐकू, मला येत नाही ऐकू. दोघं बहिरे समोर बसलेत आणि ट्यूब काय म्हणतेय ते ट्यूबला माहीत. बंद करून टाकू? बंद केलं तर मला कधीच कळणार नाही तुम्ही पास का नापास. चालू ठेवलं आणि आत काही जळलं तर शेवटची ट्यूब गेली. आणि तुमच्या गावाला बारकी आली, समजा आली, मी म्हणत नाही येईल, तर मग ही चालू करायची कुणी? मी अशी मान वाकडी करून बसायचं कुणासमोर? तुम्ही काही बोलू नका. दर आठवड्याला घेऊन येईन, असलं काही बोलू नका, फर्निचरवालाही बोलला होता, तो म्हणाला महिन्यातून एकदा टेंपो इकडे येतोच. — तुम्ही काय म्हणालात? — मशीन इथेच राहू दे, आणि आम्ही इकडे राहायला येऊ? दात घडवायला खोली कुठलीही चालते? हे कुणी शिकवलं तुम्हाला, हेपण तिनंच? — नाही? तुमचं तुम्हीच? आत्ता सुचलं?

बघू. बघू म्हणजे बघू. असल्या किरकिरीची मशीनं मी माझ्या घरात येऊ देईन असं कुणी सांगितलं तुम्हाला. अर्थात मला ऐकू येणार नाहीत, ते सोडा.

इकडे बघा. ते दार दिसतंय, आतल्या घराचं? तुम्ही आल्यापासून बंद आहे. बारकीच्या आईला वाटतं मला माहीत नाही, पण त्या दाराच्या खालच्या फटीतून मगापासून पावलांची सावली दिसतेय, आणि ती बारकीच्या आईची नाही, ती एका जागी इतका वेळ उभी राहू शकत नाही, गुडघे आहेत तिचे. तिकडून बारकीला सगळं ऐकू जातं. शिटी तर भिंतीतून जाते. जराशी चढली असती, जराशी घोगरी झाली असती ना, तर ते दार कडी न काढता उघडलं असतं, आणि तुम्ही-मी दोघं ढकलले जाऊन बटण बंद झालं असतं केव्हाच. मी ओळखतो तिला. तिनं तुमचा मुलाहिजा ठेवला नसता आणि माझा तर नाहीच.

चित्र येऊन किती वेळ झाला? बराच झाला. दार बंदच आहे.

उठा. उठा हो, बसून काय राहिलात, स्टूल आता डुगडुगत नाही म्हणून मुक्काम करताय का? तुमचं काम झालं. बंद करायचं मी बघतो, आधी ही मग तो, मला शिकवू नका. अंगठी घ्या ती, विसराल. आणि पाय पुसून जा आत. ते दार तुम्ही उघडा. हळू उघडा, टेकून उभी आहे ती, पडेल.

जा म्हटलं ना.